पोर्सिलेनवर डोळा आखायचा तर पांढरा ठिपका आधी सोडावा लागतो

प्रश्न विचारणारा तरुण कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या कुंभार घरातला आहे, गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. त्यानं लिहिलंय: "ताई, बाजारातून पांढरे कप आणून ॲक्रिलिकनं रंगवले, घरच्या ओव्हनमध्ये भाजले. दोन महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटले. परदेशी पोर्सिलेनच्या हातानं रंगवलेल्या एका कपाला हजारो रुपये पडतात आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या टिकतं म्हणतात. ते बनवतात कसं, रंगवतात कसं आणि कोल्हापुरात बसून मला ते जमेल का?"

जमेल. पण तुमचा रंग का सुटला ते आधी समजून घ्या. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ थर. कपाची वरची चकाकी, म्हणजे झिलई, ही काच असते. काचेवर प्लॅस्टिक लावून दोनशे अंशांवर भाजलं तर प्लॅस्टिक जरा कडक होतं, काचेला कळतसुद्धा नाही. पोर्सिलेनवरचा खरा रंग स्वतःच काच असतो. आठशे अंशांच्या आसपास तो वितळतो, त्या वेळी खालची झिलईही किंचित मऊ झालेली असते आणि दोन्ही एकमेकींत मुरतात. मग तो रंग नखानं निघत नाही, घासणीनं निघत नाही. म्हणून या कामात नुसता कुंचला चालवून भागत नाही. प्रत्येक रंगाला आगीत काय होतं ते माहीत असावं लागतं. मी तीस वर्षं यात आहे. त्यातली नऊ गुजरातेत एका क्रोकरीच्या कारखान्यात रंगकामाच्या टेबलावर गेली, बाकीची इथं, घरामागच्या भट्टीशी. आजही भट्टी उघडताना छातीत धडधड होते.

आता माती. पोर्सिलेनला लागतात तीन वस्तू: केओलिन म्हणजे आपण जिला चिनीमाती म्हणतो ती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. जुनं ढोबळ प्रमाण निम्मं केओलिन, पाव फेल्डस्पार, पाव क्वार्ट्झ. केओलिन आकार धरून ठेवतं आणि मोठ्या उष्णतेतही वितळत नाही. फेल्डस्पार साधारण बाराशे अंशांच्या अलीकडेपलीकडे वितळायला लागतं आणि मधल्या सगळ्या फटी भरतं. क्वार्ट्झ थोडं त्या रसात विरघळतं, थोडं सांगाड्यासारखं उभं राहतं. १३०० ते १४०० अंशांपर्यंत नेलं की आतमध्ये मुलाइट नावाच्या स्फटिकांच्या बारीक सुया तयार होतात आणि त्या काचेत गुंफल्या जातात. कप पातळ असूनही चिवट असतो तो या सुयांमुळे, आणि उजेडाकडे धरल्यावर मागच्या बोटांची सावली दिसते ती काचेमुळे. मातीच्या भांड्याला टिचकी मारली तर बद्द वाजतं, पोर्सिलेन टणत्कार देतं, त्याचं कारणही हेच.

केओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गावलिंग या ठिकाणावरून पडलं. चिनी कारागिरांना शेकडो वर्षं जे येत होतं ते युरोपला अठराव्या शतकापर्यंत उमगलं नव्हतं. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस यानं बोटगर नावाच्या तरुण किमयागाराला सोनं बनवून दे म्हणून डांबून ठेवलं होतं. चिर्नहाउस या अभ्यासकाच्या हाताखाली काम करताना १७०८ च्या सुमारास त्याच्याकडून पांढरं पोर्सिलेन साधलं, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे.

तुम्ही शाडूत वाढलात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. शाडू लोण्यासारखा वळतो. पोर्सिलेनची माती तशी नाही. ती आखूड आहे, वाकवली की तडा देते, पाणी जास्त झालं की एकदम बसते. चाकावर तिचा पातळ कप ओढायला मला तीन वर्षं लागली. आणि ती आठवण ठेवते. चाकावर फिरवून काढलेली किटलीची तोटी तिरकी कापून सरळ बसवा, भट्टीत ती थोडी वळून बसते. जाणते कारागीर ती आधीच उलट्या बाजूला जराशी तिरपी लावतात. कान ओढून सरळ केलेला कप वाळताना सरळच दिसतो, भट्टीतून मात्र लंबगोल तोंड घेऊन बाहेर येतो. म्हणून पहिल्या भाजणीत कप तोंडाला तोंड लावून जोडीनं ठेवायची पद्धत आहे, म्हणजे एक दुसऱ्याला गोल धरून ठेवतो.

बारीक नक्षीचं आणि पातळ काम बहुतेक साच्यात ओतून करतात. इथं तुमच्या घरच्या पद्धतीच्या नेमकं उलटं आहे. मूर्तीला तुम्ही रबराच्या साच्यात प्लास्टर ओतता. आमच्याकडे प्लास्टरच साचा असतो आणि त्यात माती ओततात. मातीचा पातळ रस करतात, त्याला स्लिप म्हणतात. पाणी फार घातलं तर भांडं वाळताना फाटतं, म्हणून सोडियम सिलिकेटचे अगदी थोडे थेंब टाकून कमी पाण्यात ती पातळ करतात. लिटरभर चांगली स्लिप पावणेदोन किलोच्या वर भरते. ओतल्यावर प्लास्टर पाणी पितं आणि भिंतीला मातीचा थर धरतो. दोन-तीन मिलिमीटर थर झाला की उरलेली स्लिप परत ओतून घ्यायची. किती मिनिटं थांबायचं ते साचा किती कोरडा आहे यावर ठरतं, त्यामुळे घड्याळापेक्षा तोंडाशी जमलेल्या थरावर नजर ठेवावी. साचा सुटल्यावर सांध्याची रेघ पात्यानं खरवडायची, ओल्या स्पंजानं पुसायची. ही रेघ पुसली गेली तरी भाजल्यावर पुन्हा उमटते. ती आत दाबून मोडावी लागते, वरवर घासून जात नाही.

आकसण्याचा हिशेब शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही पॅटर्नमेकरला, म्हणजे ओतकामाचे नमुने करणाऱ्याला, लगेच कळेल. बिडाच्या कास्टिंगसाठी तो पॅटर्नचं माप शेकडा एकच्या आसपास वाढवून धरतो. पोर्सिलेन वाळताना आणि भाजताना मिळून लांबीत बारा ते सोळा टक्के आकसतं. पंधरा टक्के धरले तर दहा सेंटिमीटर उंचीच्या कपासाठी मूळ नमुना जवळजवळ पावणेबारा सेंटिमीटरचा करायला हवा. आकारमानात तर पाचातले दोन हिस्से जवळपास नाहीसे होतात. हे सगळं आकसणं सारखं झालं नाही, एक बाजू जाड राहिली, तळ भट्टीच्या फळीला अडकला, की वस्तू वाकडी होते नाहीतर चिरते.

पहिली भाजणी साडेनऊशे ते हजार अंशांची, तिला बिस्किट म्हणतात. मातीत रासायनिक बांधलेलं पाणी साडेचारशे ते सहाशे अंशांदरम्यान सुटतं आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतं, उतरताना तिथंच एकदम आकसतं. त्या टप्प्यात घाई केली की टिचल्याचा आवाज बंद भट्टीतूनसुद्धा ऐकू येतो. बिस्किट झालेला कप टीपकागदासारखा पाणी शोषतो. तो झिलईच्या बादलीत दोन-तीन सेकंद बुडवून काढतात, तळाची कड पुसतात आणि मग मोठी भाजणी. त्या उष्णतेला माती मेणासारखी मऊ असते. पातळ बशी स्वतःच्या वजनानं खाली बसू शकते. शेवटच्या पंचवीस अंशांत भांडं बनतं किंवा बिघडतं, असा माझा अनुभव आहे.

बोन चायनाबद्दल थोडक्यात, कारण बाजारात तुम्हाला तयार पांढरा माल घ्यायला गेल्यावर तेही दिसेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडनं त्याचं प्रमाण बसवलं. त्यात जवळपास निम्मी जनावराच्या हाडांची राख असते. त्याची पहिली भाजणी वरची, १२५० च्या आसपास, आणि झिलईची खालची. झिलई मऊ असल्यानं वरचे रंग त्यात छान बुडतात. रंगकाम करणाराला ते आवडतं. पण आपल्याकडे कित्येक घरांत, विशेषतः देवाच्या नैवेद्याच्या वाट्या म्हणून कुणी मागितलं तर, हाडाची राख चालत नाही. गिऱ्हाइकानं विचारण्याआधी आपण सांगावं.

पांढरेपणाचा शत्रू लोखंड. मातीत अर्धा टक्का लोह जास्त असलं तरी रंग पिवळट होतो. गॅसच्या भट्टीत हवा कमी ठेवून धुराळ ज्वाळेत भाजलं की तेच लोह निळसर झाक देतं. विजेच्या भट्टीत मोकळी हवा असल्यानं पांढरा रंग सायीकडे झुकतो. कोल्हापुरात हा शत्रू हवेतसुद्धा आहे. मी इथं सुरुवात केली तेव्हा भाड्याच्या गाळ्यात काम करायची. पहिल्या चाळीस कपांवर मोहरीच्या चतकोराएवढे काळे ठिपके आले. माती बदलली, झिलई बदलली, पाणी गाळून घेतलं, ठिपके जाईनात. शेवटी खिडकीच्या चौकटीवर चुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटल्या. शेजारी लोखंडाचं ग्राइंडिंग चालायचं. त्या दिवसापासून मी स्लिप बारीक चाळणीतून आणि चुंबकावरून ओतल्याशिवाय वापरत नाही. खिडकीला ओलं कापड असतं. तुमचं घर कारखान्यांजवळ असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

रंगकामाचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांना दोन वेगळे हात लागतात.

पहिला झिलईखालचा. बिस्किटावर रंग लावतात, वर झिलई, मग मोठी भाजणी. १३०० अंशांत फार थोडे रंग जिवंत राहतात. त्यांचा राजा कोबाल्ट. चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा निळा तोच. माइसेनची एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण १७२२ पासून झिलईखाली कोबाल्टनंच काढतात. वर काच असल्यानं ती झिजत नाही. अडचण अशी की बिस्किट कुंचल्यातलं पाणी टेकवताक्षणी ओढून घेतं. रेघ ओढून झाली की झाली, पुसता येत नाही, त्यावरून परत फिरवता येत नाही. दुहेरी लागला की तिथं काळा पडतो, फार दाट झाला तर झिलईला फोड येतात. लावताना तो राखाडी-काळा दिसतो, निळा दुसऱ्या दिवशी भट्टी उघडल्यावर. म्हणून हे काम डोळ्यांपेक्षा मनगटाचं आहे. पाण्याचं प्रमाण आणि कुंचल्याचा दाब बोटांत बसायला शे-दोनशे फरशा खराब कराव्या लागतात.

दुसरा झिलईवरचा, आणि तुमच्यासाठी तोच दरवाजा आहे. तयार, भाजलेलं, चकचकीत भांडं घ्यायचं. रंगाची पूड म्हणजे धातूचं ऑक्साइड आणि लवकर वितळणारी काच. ती जाड काचेच्या फरशीवर तेलात घोटतात. घट्ट केलेलं टर्पेंटाइन नेहमीचं. रंग लवकर सुकू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. घोटणं अर्ध्यावर सोडलं की भाजल्यावर वाळू लागल्यासारखा खरखरीतपणा येतो. आधी भांडं स्पिरिटनं पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथून रंग सरकतो. नक्षी उतरवायला रांगोळीच्या छिद्रांच्या कागदाचीच युक्ती आहे: ट्रेसिंगला सुईनं टोचे मारायचे, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची, ठिपके उमटतात. कोळसा भट्टीत जळून जातो, मागं काही राहत नाही.

आता तुमच्या आखणीबद्दल. मूर्तीचा डोळा तुम्ही कसा संपवता? बुबुळ भरता, काळं टिंब देता आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एक बारीक ठिपका टेकवता. तो पडला की मूर्ती बघायला लागते. पोर्सिलेनवर तो शेवटचा ठिपका टेकवता येत नाही. पांढरा रंग डब्यात मिळतो, पण झिलईच्या पांढऱ्यापुढे तो खडूसारखा मेलेला दिसतो. इथला पांढरा म्हणजे खालचं भांडंच. म्हणून तो ठिपका पहिल्यापासून मनात धरून त्याच्या भोवतीनं बुबुळ भरायचं, किंवा रंग सुकत आला असताना बांबूच्या काडीला टोक काढून तेवढा उकरून काढायचा. फुलाच्या पाकळीवरची चकाकी, पाण्यातली लाट, सगळं असंच. तुम्ही आजवर उजेड शेवटी ठेवत आलात, इथं तो आधी राखून ठेवायचा आहे. हात तुमचा तयार आहे, क्रम बदलायला मात्र महिने लागतील. मला हाच बदल सगळ्यात जड गेला होता आणि तो जमला तेव्हा माझं काम बदललं.

दुसरी सवयही मोडावी लागेल. गडद रंग एकाच थरात द्यायचा नाही. जाड थर भाजल्यावर टरफलासारखा उडतो. पातळ लावायचा, भाजायचा, परत लावायचा, परत भाजायचा. एका चांगल्या बशीला रंगाच्या तीन-चार भाजण्या सहज होतात, आणि प्रत्येक वेळी आधीचं सगळं काम पणाला लागतं. ज्या रंगांना जास्त उष्णता लागते ते आधी, नाजूक रंग नंतर, सोनं शेवटी. लोहाचा लाल जास्त तापला की विटकरी होऊन विझतो. गुलाबी आणि जांभळा हे सोन्यापासून करतात. त्यांना कमी आग मिळाली तर मातकट राहतात, जास्त मिळाली तर निळसर होतात. कॅडमियमचे लाल-पिवळे इतर रंगांत मिसळू नका आणि ज्या भांड्यात खायचं-प्यायचं त्यावर वापरूच नका. शोकेसमधल्या वस्तूला चालतील.

सोन्याचेही दोन प्रकार. एक तपकिरी काकवीसारखं दिसतं, भट्टीतून थेट चकाकत येतं. त्यात सोनं थोडं असतं, ते लवकर झिजतं. दुसऱ्यात सोनं जास्त, ते भट्टीतून मातकट निघतं आणि अकीकाच्या दगडानं घासून झळाळी आणावी लागते. गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, जुन्या कारागिरांना अकीकाचं ओपणं नवीन नाही. तसा दगड मिळाला तर जपून ठेवा. सोन्याची कड असलेला कप मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या पाडतो, हे विकताना सांगायला विसरू नका.

शिशाचं नीट ऐका. जुन्या रंगांत काच लवकर वितळावी म्हणून शिसं घालत. आंबट पदार्थात ते सुटतं आणि पोटात जातं. शिसेविरहित रंग मागून घ्या, आणि तरीही ओठ लागतो त्या कडेला व आतल्या बाजूला रंग लावू नका. तपासणीची प्रमाण पद्धत म्हणजे चार टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात चोवीस तास ठेवून त्यात किती शिसं-कॅडमियम उतरलं ते प्रयोगशाळेत मोजणं. घरी व्हिनेगर ठेवून रंग फिका पडला तर भांडं बाद समजा, पण फिका पडला नाही म्हणजे सुरक्षित असं नव्हे. शिसं डोळ्याला दिसत नाही. विकायला लागाल त्या आधी नमुना प्रयोगशाळेत द्याच.

हातकामाच्या नावानं बाजारात जे दिसतं त्यातलं बरंचसं डेकल असतं, म्हणजे छापलेलं चित्र पाण्यात भिजवून चिकटवून भाजलेलं. भिंगातून छपाईचे बारीक ठिपके दिसले किंवा सहा कपांवरचं तेच फूल केसभरही बदललेलं नसलं तर ते डेकल. ते वाईट नाही, पण त्याला हातकाम म्हणू नये.

कोल्हापुरात काय जमेल? आज तुम्ही माती करू नका. १३०० अंशांची भट्टी, तापमान मोजणारा प्लॅटिनमचा थर्मोकपल, आकसण्याचे हिशेब हा सगळा पुढचा भाग. फौंड्रीला सिंधुदुर्गातून सिलिका वाळू येते तेव्हा क्वार्ट्झ इथंच आहे, असं काही जण म्हणतात. पण पोर्सिलेनला ती पिठासारखी दळलेली आणि लोहमुक्त लागते. ते पीठ श्वासात गेलं तर फुफ्फुसं कायमची निकामी करतं. कोरडी पूड कधीही मास्कशिवाय हाताळू नका, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

झिलईवरच्या कामाला मात्र साडेआठशे अंशांपर्यंत जाणारी छोटी विजेची भट्टी पुरते. उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्या बांधणारे कारागीर आपल्याकडे आहेत, एका कोपऱ्यात मावेल अशी पेटी ते करून देतील. धूर जायला वर भोक असू द्या. साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत ते उघडं ठेवा. तेल जळून बाहेर पडलं नाही तर रंग मळकट येतो. भट्टी दीडशेच्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही, मग गिऱ्हाईक दारात बसलेलं असलं तरी.

सुरुवात कपावर करू नका. पांढऱ्या फरश्या घ्या. प्रत्येक रंगाच्या पातळ, मध्यम, दाट अशा तीन पट्ट्या ओढा आणि ७८०, ८०० व ८२० अंशांना वेगवेगळ्या भाजा. मागं तारीख आणि तापमान लिहा. या फरश्या म्हणजे तुमची वही. माझ्याकडच्या भिंतीवर चारशेच्या वर आहेत आणि कुठलंही नवीन काम त्यांच्याकडे बघितल्याशिवाय सुरू होत नाही. तयार माल घेतलात की त्यातला एक कप न रंगवता आधी भाजून बघा. ओल धरलेल्या भांड्याच्या झिलईतून काळे बुडबुडे येतात. ते एका कपावर कळलेलं बरं.

वेळेचं गणित तुमच्या बाजूनं आहे. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. इकडच्या पावसात प्लास्टरचे साचे वाळत नाहीत, तेलातला रंग कित्येक दिवस ओला राहतो, त्यामुळे आमचं कामही तेव्हा मंदच असतं. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते आणि तुमचे हात मोकळे होतात. तेव्हा बसा. आखणीचे कुंचले नवीन घ्या. जुन्यांच्या मुळाशी ॲक्रिलिक सुकलेलं असतं, तेलात ते सुटतं आणि डोळ्याच्या रेघेत कण उतरतो.